तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं हळू का?

चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसलो की कुणीतरी काढतंच, "भावजी, एवढे कोटी घालून संशोधनाचं जहाज, आणि पळतं बारा नॉटसुद्धा नाही? आमची खनिजाची बार्ज काय वाईट?" बार्जीला नावं ठेवू नका. देशाचं पहिलं संशोधन-जहाज 'गवेषणी' गाळ वाहायच्या हॉपर बार्जीतूनच घडवलं होतं, १९७६ साली.

पळायचं नसतंच हो आम्हाला. चार हजार मीटर खोलीत सीटीडी, म्हणजे पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, सोडलं की दोन तासांहून जास्त एका जागी उभं राहायचं. पण हे अर्धंच उत्तर झालं, आणि सोयीचं.

हिवाळ्यातल्या चाचण्या झकास झाल्या होत्या. वेग, वळण, क्रॅश स्टॉप म्हणजे भर वेगातून एकदम थांबणं, सगळं पास. मे अखेरीस पुन्हा मुरगावबाहेर निघालो. नैर्ऋत्येची लांब लाट होती, टेबलावरचा चहाही सांडत नव्हता. मल्टिबीमच्या, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून नकाशा काढणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर समुद्राचा तळ उमटत होता. नाक लाटेत बसलं की पडदा कोरा. पुन्हा उमटे, पुन्हा कोरा. नाकाखालचा बल्ब, म्हणजे पुढे काढलेला गोल फुगवटा, वर यायचा आणि परत बुडताना हवा ओढून न्यायचा. बुडबुड्यांची ती चादर जहाजाच्या बुडाला धरून ट्रान्सड्यूसरवरून, म्हणजे आवाज सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या चकत्यांवरून, सरकायची आणि सगळा आवाज फेसात विरायचा. वेग सहा नॉटवर आणला तेव्हा कुठे पट्टा सलग दिसू लागला.

प्रमुख शास्त्रज्ञ बाई एक शब्द बोलल्या नाहीत. प्रत्येक कोऱ्या पिंगला, वाया गेलेल्या आवाजाच्या ठोक्याला, पेन्सिलीने एक काडी मारत होत्या, पाचपाचच्या जुड्या करून. पान भरलं तसं घडी घालून माझ्या हातात दिलं.

बल्ब कुणी मागितला होता? जहाजाचा आराखडा करणाऱ्या मीच. चाचणीच्या पाण्याच्या टाकीत ओढलेल्या छोट्या मॉडेलचे आकडे घेऊन तावातावाने भांडलो होतो. आकडे खोटे नव्हते! डिझेल वाचणार होतं, आणि जाण्यायेण्यातले दिवस वाचवा असं शास्त्रज्ञांचंच तर म्हणणं होतं. फक्त टाकीतलं पाणी सपाट होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

शेवटी ट्रान्सड्यूसर गोंडोलात, म्हणजे बुडाखाली लटकवलेल्या पेटीत, घालून कीलच्या, जहाजाच्या तळकण्याच्या, मीटरभर खाली उतरवले. तळ दिसू लागला. ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात जेवढं बुडतं ती खोली, वाढला, ड्राय डॉकवाले वैतागले, अर्धा नॉट गेला. तुम्ही दर चतुर्थीला विचारता तो हाच अर्धा नॉट.

आता नव्या जहाजाचा आराखडा टेबलावर आहे. नाक सरळ ठेवलंय. परवा रात्री बायको झोपल्यावर बल्ब पुन्हा रेखून पाहिला. आकडे अजूनही चांगलेच येतात.