वाफ्यात मांजर येऊ नये म्हणून

आज सकाळचा सगळा वेळ वाफ्यावर जाळी अंथरण्यात गेला. नुकतंच बी पेरलेलं, आणि रात्रीतून मांजराने पुन्हा माती उकरून ठेवलेली. राग आला, पण त्याचा तरी काय दोष? मोकळी, भुसभुशीत, कोरडी माती दिसली की विष्ठा पुरायला तीच निवडणं हा मांजराचा स्वभावच.

म्हणून ती जागाच त्याला नकोशी करायची. तारेची जाळी आडवी पसरली, कडा दगडांनी दाबल्या, वर मातीचा पातळ थर दिला. रोपं भोकांतून वर येतात, पंज्यांना मात्र उकरता येत नाही. (खोड जाड होणारी रोपं असतील तर तेवढी जाळी पुढे कापावी लागते.) कुंड्यांत काटक्या जवळजवळ खोचल्या. ओलसर मातीही मांजरांना फारशी आवडत नाही.

एक कळकळीची विनंती, डांबरगोळ्या टाकू नका. त्यातलं नॅप्थलीन मांजरांना विषारी असतं, लहान मुलांनाही.

आणि हातमोजे घालाच. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मातीत येऊ शकतो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. घरात कुणी गरोदर असेल तर मातीचं काम दुसऱ्याने करावं. पालेभाजी नीट धुवावी.

उद्या बागेच्या टोकाला त्याच्यासाठी थोडी कोरडी वाळू टाकणार आहे. ती रोज साफ करायची माझी तयारी आहे.