‘साइझप्रमाणे’: मालवणातल्या पाच दिवसांच्या खाण्याचा हिशेब

“मालवणात कुठेही बसा, जेवण चुकत नाही,” असं आम्हाला निघण्याआधी चार जणांनी सांगितलं होतं. चुकतं. आमचं पहिल्याच रात्री चुकलं, तेही २,८१० रुपयांना.

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून मुलांना आजीकडे सोडून, २६ जानेवारीला जोडून पाच दिवस आम्ही दोघंच गेलो होतो. पहाटे पाचला पुणे सोडलं. कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली. ज्याला घाटात गाडी चालवता येते त्याला या रस्त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. फक्त वाटेत कोल्हापुरात मिसळ खाऊ नका. आम्ही खाल्ली, दुपारचं जेवण टाळलं आणि रात्री वखवखून तारकर्लीच्या रस्त्यावर जिथे पहिल्यांदा दिव्यांच्या माळा दिसल्या त्या हॉटेलात शिरलो. भुकेलं गिऱ्हाईक कोणीही कापतं.

आता नीट वाचा. मेन्यूकार्डावर सुरमई थाळी ३५० रुपये, ठळक अक्षरात. पापलेटसमोर आकडाच नाही, नुसतं ‘साइझप्रमाणे’. पोऱ्या एका ताटात तीन पापलेटं मांडून घेऊन आला. “आत्ताच इला वहिनी, एकदम ताजा.” नवऱ्याने मधल्यावर बोट ठेवलं. भाव विचार म्हणून मी टेबलाखालून पायाने ढोसलं, तर म्हणतो, “अगं, ॲनिव्हर्सरी आहे.” अर्ध्या तासाने मासा तळून आला. तो मधला होता की धाकटा, हे रव्याच्या थराखाली कळायची सोय नव्हती. आत कापसासारखा कोरडा. दोनदा बर्फात जाऊन आलेला असावा. बिलात दोन थाळ्यांचे ७००, तिसऱ्यांचे (म्हणजे शिंपल्यांचे) ३२०, पाण्याचे ४०, सोलकढी पुन्हा मागितली तिचे प्रत्येकी ५० आणि त्या एका पापलेटाचे १,६५०. “साइझ मोठी होती ना ताई.” भांडता येत नाही, कारण कार्डावर छापलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहायला गेलो. लिलाव संपल्यावर विकायला बसलेल्या एका बाईंकडे जवळपास तेवढंच पापलेट होतं. कल्ला उघडून दाखवला, आत लालभडक. बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून आला. भाव ४५०. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पाहत होता.

हॉटेलवाल्याने गॅस, तेल, माणसं, भाडं धरून दुप्पट लावले तर माझी तक्रार नाही. चौपटीला आहे. तेव्हा ताट टेबलाशी आलं की ते परत जायच्या आत “हा किती ग्रॅमचा, तळून कितीला?” एवढं विचारा आणि आकडा ऑर्डर लिहिणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या. लाज वाटत असेल तर पापलेट मागवूच नका. खरं तर मागवूच नका. जिथे बांगडा इतका ताजा मिळतो तिथे पापलेटाच्या मागे लागणं हा निव्वळ घाटावरच्या माणसाचा हट्ट आहे. आणि दुसरी सोलकढी थाळीत येते की वेगळी लागते, हेही आधीच विचारून ठेवा.

किल्ला शनिवारी सकाळी पाहिला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, भर समुद्रात, आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यांची नावं दूधबाव, दहीबाव, साखरबाव. उपाशीपोटी जाऊ नये.

जेवण म्हणून लक्षात राहिलं ते रविवारचं. देवबागला एका घरात खोली घेतली होती. तिथल्या काकींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की जेवणाची वर्दी सकाळी नऊच्या आत द्यायची आणि अमुकच मासा पाहिजे म्हणायचं नाही. “जा गावात ता करतलंय.” म्हणजे जे मिळेल ते करीन. रविवारी उजाडता किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं रांगेने उभी राहून ओढतात. नवऱ्याने विचारून दोराला हात लावला. पाऊण तासात तळहात सोलवटले, पाठ धरली, पण वाटा मिळाला: सात बांगडे आणि ओंजळभर पेडवे, म्हणजे छोटी मासळी, एका फाटक्या पिशवीत. ती पिशवी त्याने काकींपर्यंत अशी नेली, जशी कधी पगाराची पाकिटंही माझ्यापर्यंत आणली नाहीत.

काकींनी विळीवर डोकी उडवली, पोटं साफ केली, हळद-मीठ चोळलं. वाटणात खोबरं जेमतेमच, मिरचीच जास्त. वरून आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं. याला तिखलं म्हणतात. मातीच्या भांड्यात रस आटून बांगड्याला चिकटेपर्यंत ठेवलं आणि झाकण काढलं तेव्हा तिरफळाचा असा वास सुटला, जो पुण्यातल्या कुठल्याही ‘मालवणी’ पाटीखाली मला आलेला नाही. तिरफळ दाताखाली धरू नका, जीभ बधिर होते. पेडव्यांना काटे बारीक आणि पुष्कळ. ज्यांना काटे काढून खाता येत नाही त्यांनी सुरमईच्या तुकड्यावर समाधान मानावं आणि हा परिच्छेद विसरावा. दोघांचं जेवण, भाकरी-भात आणि हवी तितकी सोलकढी धरून, ५०० रुपये. मासे आमचेच होते हे खरं, पण नसते तरी फार तर ७०० झाले असते.

सोमवारी आचरा, मिठबाव करत कुणकेश्वरला गेलो. सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे फक्त मासे खायला जाणाऱ्यांनी वार बघून बेत आखावा. आमचा एक दिवस ‘वाया’ जाणार म्हणून मी कुरकुरत होते. संध्याकाळी परत आलो तर काकींनी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले होते. मी पाच वडे खाल्ले. कुरकुर मागे घेते.

मंगळवारचं सांगण्यासारखं काही नाही. पोहलो, झोपलो, घावणे खाल्ले.

कधी जावं असं विचाराल तर लाँग वीकेंडला जाऊ नका, आम्ही केली ती चूक करू नका. जून-जुलैत तर मासे खायच्या बेताने मुळीच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि तरीही हॉटेलांत थाळीत सुरमई हजर असते. ती कुठून आली हे ज्याचं त्याने समजावं. मोठ्या हॉटेलात एकदा तरी बसायचंच असेल तर बसा, दिवे छान असतात.

खाजं, म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, घ्या, पण दात पक्के असतील तर. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, तोही घ्या, सोलकढीला घरी उपयोगी पडतं. बाटलीचं बूच मेणबत्तीने बंद करून द्यायला सांगा आणि डिकीत उभी अडकवा. आमची फोंडाघाटाच्या तिसऱ्या वळणावर आडवी झाली. सीट कव्हर अजून गुलाबी आहे.