कास आणि वासोटा एकाच फेरीत?

माझं आजोळ बामणोली. त्यामुळे ऑगस्ट लागला की पुण्याचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "शनिवारी निघालो तर रविवारपर्यंत कास पठारावरची फुलं, बामणोली आणि वासोटा किल्ला, सगळं उरकेल ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाही उरकणार. अंतराचं काही नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढलात की पंचवीसेक किलोमीटरवर कास, आणि तिथून उतरत गेलं की बामणोली. घोळ आहे तो महिन्यांचा. पठार बहरतं सप्टेंबरात, आणि तेव्हा वासोटा बंद असतो. वनखातं तो उघडतं ऑक्टोबरच्या मध्याला, तोवर सड्यावरचं, म्हणजे कातळ पठारावरचं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं.

फुलं हवी असतील तर आडवारी या आणि वाकायची तयारी ठेवा. फोटोतला गुलाबी गालिचा बहुतेक तेरड्याचा असतो, तो गाडीतूनही दिसेल. खरी गंमत जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत आहे. सीतेची आसवं बघा. निळंजांभळं, करंगळीच्या नखाएवढं फूल. त्या मातीत कस नाही, म्हणून हे रोप ओलीत लपलेल्या बारीक फुग्यांमध्ये सूक्ष्म जीव ओढून घेतं आणि पचवतं. नाव आसवांचं, धंदा शिकारीचा! २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं, ते मामीला सांगितलं तर म्हणाली, "त्यो सडा? तिथं तर गुरं चारायची माणसं."

वासोट्याला मात्र दिवाळीनंतर या. आदल्या रात्री बामणोलीतच राहा, सकाळी लवकर परवाना काढून लाँच धरा. दीडेक तास शिवसागरातून जायचं, म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्यातून. साठच्या दशकात पाणी चढत गेलं आणि खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. मामा लाँचमध्ये गप्प बसतो आणि एका ठिकाणी नुसता हात दाखवतो. "हितं खाली आपलं शेत." मी दरवेळी त्या पाण्याकडे बघतो, आणि दरवेळी तिथं नुसतं पाणीच असतं.

गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरल्यावर चौकीवर पिशव्यांतलं प्लास्टिक मोजून घेतात, येताना तेवढंच दाखवावं लागतं. पुढे दोनेक तास दाट जंगलातला चढ. पेशवाईच्या अखेरीस पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी झुंजवला. आपला दम नुसत्या चढण्यातच जातो. माथ्यावर बाबूकडा चुकवू नका, पायाखाली थेट कोकण उघडं पडतं. पण काठापासून लांब राहून बघा. आणि दुपारी वेळेवर उतरायला लागा. गडावर मुक्कामाला परवानगी नाही आणि लाँचवाले अंधार पडू देत नाहीत.

गेल्या सप्टेंबरात एक मित्र माझं न ऐकता कोरे ट्रेकिंगचे बूट घालून आलाच. दिवसभर मामीच्या पडवीत बसून पाऊस बघितला, नाचणीच्या तीन भाकरी पिठल्याबरोबर हाणल्या आणि निघताना विचारतो कसा, "तो वासोटा नक्की कुठल्या बाजूला म्हणालास?" धुक्यात समोरचं पाणीसुद्धा दिसत नव्हतं.