पिंपं मोजून डीडीटी सापडत नाही

लॉस एंजेलिस आणि कॅटालिना बेट यांच्या मधल्या समुद्रात, सुमारे 900 मीटर खोल, गंजलेली पिंपं पडली आहेत. 2011 आणि 2013 मध्ये ती कॅमेऱ्यात दिसली आणि तेव्हापासून पिंप म्हणजे डीडीटी (एक कीटकनाशक) असंच लोक धरून चालले. तिथंच घोळ झाला.

लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये मॉन्ट्रोज केमिकल या कारखान्यात 1947 ते 1982 डीडीटी बनत असे. क्लोरल आणि क्लोरोबेंझिनचा संयोग घडवायला तीव्र गंधकाम्ल लागतं आणि वापरून झालेल्या आम्लात थोडं डीडीटी उरतं. हे आम्ल पिंपांत भरण्याचा खटाटोप कोण करणार? ते बार्जवरून (सपाट तळाच्या मालवाहू नावेवरून) थेट समुद्रात ओतलं जायचं, असं अमेरिकी पर्यावरण खात्याला जुन्या नोंदींत आढळलं.

मग पिंपांत काय होतं? स्क्रिप्स या अमेरिकी समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये पाच पिंपांजवळ गाळात नळ्या दाबून नमुने काढले. डीडीटी पिंपातून गळत असतं, तर पिंपाकडे जाऊ तसं ते वाढायला हवं होतं. वाढलं नाही. पण ज्या तीन पिंपांभोवती पांढरं वलय होतं, तिथं सामू (pH) 12 च्या आसपास निघाला! म्हणजे आत आम्ल नव्हे, त्याच्या उलट गुणाचं जहाल अल्कली होतं. एके ठिकाणी तर तळ इतका कडक झालेला की नळी आत जाईना. यंत्राच्या हाताने त्या खपलीचाच तुकडा काढावा लागला.

गळणारं अल्कली समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियमशी मिळतं आणि ब्रुसाइट हे खनिज (मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड) तयार होतं. ते सिमेंटसारखं गाळ बांधून टाकतं. मग ब्रुसाइट हळूहळू विरघळत राहतं, त्यामुळे सामू चढाच राहतो आणि भोवती कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी पूड साचते. तेच ते वलय. समुद्रात अल्कली लगेच विरून जाईल हा हिशेब इथं फसला. पन्नासहून अधिक वर्षांनीही त्या गाळात सूक्ष्मजीवांचे मोजकेच प्रकार टिकले आहेत, तेही अल्कलीयुक्त गरम झऱ्यांत राहणाऱ्यांच्या जातकुळीतले.

डीडीटीचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. त्यापासून बनणारं डीडीई चरबीत साठतं, माशांतून वर चढतं आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ करतं. कॅटालिनावरच्या गरुडांची अंडी त्यामुळेच फुटायची. ते विष पिंपात नाही, पसरलेल्या गाळात आहे. तो उपसायला गेलं की ढवळून पाण्यात उठतो.

पांढऱ्या वलयाचा एक फायदा मात्र आहे: अल्कलीचं पिंप कुठलं, हे नमुना न काढता कॅमेऱ्यातच ओळखता येतं. पाहिलेल्या पिंपांपैकी सुमारे एक तृतीयांशांभोवती ते दिसलं. बाकीच्यांत काय आहे, हे नुसतं बघून कळत नाही.