बोरी ते बोरीबंदर

आमचं मूळ गाव बोरी, जिंतूर तालुका, जिल्हा परभणी. त्यामुळं आजोबा मुंबईला निघाले की आजीचं ठरलेलं, "बोरीतून निघून बोरीलाच जायचं तर घरीच बसा की." आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत बोरीबंदरच राहिलं, वडील अजून व्हीटी म्हणतात, मी सीएसटी आणि भाचा सीएसएमटी, म्हणजे एका घरात चार स्टेशनं आणि गाडी एकच, देवगिरी.

तसं बघितलं तर आजोबांचं बोरीबंदर म्हणजे ही घुमटाची इमारत नव्हेच. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची ती पहिली गाडी, १४ डबे आणि ३ इंजिनं, सुटली ती तिथल्याच एका साध्या स्टेशनातून. ही इमारत बांधायला घेतली १८७८ ला, स्टीव्हन्स नावाचा आर्किटेक्ट, काम चाललं दहा वर्षं, आणि मधेच १८८७ ला राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीला तिचं नाव देऊन टाकलं. आमच्या भागात रेल्वे यायला १९०० उजाडलं, तीपण मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची. तिकडं १९२५ ला विजेची लोकल कुर्ल्याला पळायला लागली, आमच्याकडं रुळांवर तारा आल्या त्या आत्ता परवा, जाऊ द्या.

मीटरगेजमुळं आजोबांना मनमाडला गाडी बदलावी लागायची, ट्रंक डोक्यावर घेऊन ब्रॉडगेजच्या डब्यात जागा धरायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ पोचलो, सकाळी सकाळी, डोळे चोळत. परभणीला गाडी येते, थांबते, निघून जाते. इथं मात्र रूळच संपले होते, पुढं दोन जाडजूड बफर आणि त्याच्यापुढं फरशी. मी तिथंच उभा राहून बघत बसलो आणि बाजूच्या लोकलमधून माणसं अशी सांडली की वडिलांनी माझं मनगट धरलं ते टॅक्सीपर्यंत सोडलंच नाही. गेटवरचे सिंह आणि वाघ, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी घडवलेलं ते नक्षीकाम, यातलं काही म्हणता काही दिसलं नाही त्या दिवशी.

घरी आल्यावर आजोबांना विचारलं, तुम्ही इतक्यांदा गेलात, तुम्हाला काय आवडलं त्या स्टेशनातलं? जरा विचार करून म्हणले, "पूल चढावा लागत नाही. इंजिनाच्या तोंडासमोरून सरळ बाहेर."