वाईट दिवसांचे गुण: अँडी प्रियोची कारकीर्द

जागतिक टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मोटारींवर बेतलेल्या गाड्यांची शर्यतमालिका, १९८७ साली पहिल्यांदा भरली आणि एकाच हंगामानंतर गुंडाळली गेली. ती पुन्हा सुरू व्हायला २००५ साल उजाडले. त्या वर्षीच्या वीस शर्यतींनंतर जो जगज्जेता ठरला, त्या अँडी प्रियोने संपूर्ण हंगामात जिंकलेली शर्यत होती अवघी एक. मोटारशर्यतींवर गप्पा रंगल्या की हा आकडा अजूनही थोड्या कुत्सितपणे सांगितला जातो. मला मात्र तो त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका आकडा वाटतो. गाडी जमून आलेल्या दिवशी जिंकणारे चालक टूरिंग कारमध्ये पुष्कळ असतात; पण गाडीवर नियमानुसार जादा वजन लादलेले आहे, सुरुवातीची जागा मागची आहे आणि पुढे एकमेकांना धडका देत चाललेली दहा गाड्यांची गर्दी आहे, अशा दिवशी निमूटपणे पाचवा किंवा सहावा क्रमांक घेऊन येणारे फार थोडे.

प्रियो मूळचा गर्न्सीचा. इंग्लिश खाडीतले, फ्रान्सच्या किनाऱ्याला अधिक जवळ असलेले हे सुमारे ६५ चौरस किलोमीटरचे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीत येते, तरी ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. तेथील रस्त्यांवर कमाल वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर आहे. अशा बेटावरून जगज्जेता चालक निघावा याचे नवल वाटते खरे, पण त्या बेटावर हिल क्लाइंबची, म्हणजे घड्याळ लावून चढाचा रस्ता पार करण्याच्या शर्यतीची, जुनी आणि जिवंत परंपरा आहे. सेंट पीटर पोर्ट या राजधानीतून वर चढत जाणारा व्हाल दे तेर हा वळणांचा रस्ता शर्यतीच्या दिवशी रहदारीला बंद केला जातो आणि गाड्या एकेक करून वर सोडल्या जातात. प्रियोचे वडीलही याच खेळातले, त्यामुळे त्याला हे बाळकडू घरातच मिळाले.

हिल क्लाइंबमध्ये एक धाव संपायला क्वचितच मिनिटभर लागते. टायर तापवायला आधीची लॅप (मार्गाची एक पूर्ण प्रदक्षिणा) नसते आणि पहिल्या वळणावरची चूक भरून काढायला दुसरी लॅप नसते. हँडब्रेक सोडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत रस्त्याला किती पकड आहे, याचा अंदाज गाडी तेथे पोहोचण्याच्या आधीच बांधावा लागतो, आणि तो चुकला तर बाजूला वाळूचे मैदान नसते, दगडी भिंत असते. १९९५ साली प्रियोने ब्रिटिश हिल क्लाइंब अजिंक्यपद जिंकले. थंड टायरवरचा त्याचा पहिल्या लॅपचा वेग आणि भिंतींमधून जाणाऱ्या मकाऊसारख्या मार्गावरचा त्याचा निर्धास्तपणा यांचे मूळ मला या टेकड्यांवरच्या धावांमध्ये दिसते.

त्यानंतरची काही वर्षे पैशांच्या ओढाताणीची होती. सर्किटवर उतरायचे तर इंग्लंडमध्ये राहणे भाग होते. त्यासाठी त्याने आणि त्याच्या पत्नीने घर विकले आणि दोघे सिल्व्हरस्टोनजवळ कॅराव्हॅनमध्ये राहिले. १९९९ साली ब्रिटनमधील रेनॉ स्पायडर मालिकेत त्याने तेराही शर्यती पोल पोझिशनवरून, म्हणजे सुरुवातीच्या सर्वांत पुढच्या जागेवरून, जिंकल्या. एकाच प्रकारच्या गाड्यांच्या मालिकेत सर्वांना सारखेच यंत्र मिळते, तेव्हा तेरापैकी तेरा हा निकाल गाडीच्या नावावर खपवता येत नाही. पुढे ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये तो वेगवान होता, पण तोवर पंचविशी ओलांडलेल्या चालकाकडे फॉर्म्युला वनचे संघ फारसे वळून पाहत नाहीत. २००१ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत पाहुणा चालक म्हणून मिळालेली संधी आणि २००२ मध्ये होंडा सिव्हिक टाइप-आरमधून खेळलेला पूर्ण हंगाम यांनी त्याची वाट बदलली. त्या हंगामात त्याने एक शर्यत जिंकली आणि एकूण क्रमवारीत पाचवे स्थान मिळवले.

२००३ मध्ये तो युरोपीय टूरिंग कार स्पर्धेत बीएमडब्ल्यूकडे आला. येथील रचना समजून घेतल्याशिवाय त्याच्या विजेतेपदांची किंमत कळत नाही. बीएमडब्ल्यूने एकच कारखान्याचा संघ न उतरवता देशवार संघ उभे केले होते. जर्मनीचा संघ श्निट्झर चालवत असे आणि त्यात यर्ग म्यूलर व डिर्क म्यूलर (आडनाव एकच, नाते काही नाही) होते. इटली व स्पेनच्या संघातून, अपघातात आधीच दोन्ही पाय गमावलेला आलेक्स झनार्डी पुढे हाताने चालवायच्या नियंत्रणांसह शर्यती जिंकू लागला. आणि ब्रिटनच्या नावाने उतरणारा प्रियोचा संघ प्रत्यक्षात बेल्जियममधील आरबीएम होता, बार्ट माम्पे यांचा. बहुतेक हंगामांत प्रियोचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी त्याच्याच कंपनीच्या गाडीत बसलेले असत, आणि श्निट्झरसारख्या मातब्बर संघासमोर माम्पे यांचा एका गाडीचा छोटा संघ उभा असे.

त्यात भर स्पर्धेच्या नियमांची. जो चालक यश मिळवेल त्याच्या गाडीत पुढच्या फेरीसाठी वजन वाढवले जाई. हे वजन गाडीच्या तळाशी बोल्टने घट्ट बसवलेले असते, दिसत नाही, पण ब्रेक लावण्याची जागा काही मीटर अलीकडे येते, वळणातून बाहेर पडताना टायर लवकर झिजतात आणि शर्यतीच्या शेवटच्या दोन-तीन लॅपमध्ये मागून येणाऱ्या हलक्या गाडीला रोखणे अवघड होऊन बसते. शिवाय एका दिवसात दोन शर्यती असत आणि पहिल्या शर्यतीतील पहिले आठ क्रमांक दुसऱ्या शर्यतीच्या सुरुवातीला उलटे लावले जात. म्हणजे पहिलीत आठव्या आलेल्याला दुसरीत पोल पोझिशन. गुण पहिल्या आठांनाच मिळत: दहा, आठ, सहा, पाच, आणि असे उतरत आठव्याला एक. या हिशेबात सातव्या क्रमांकासाठी धडक द्यायची की आठव्यावर समाधान मानायचे, हा निर्णय चालकाला ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात, आरशात पाहत घ्यावा लागे. प्रियो हे गणित इतरांपेक्षा चांगले मांडत असे, असे म्हटले तर काही जणांना ती स्तुती वाटत नाही. मला ती वाटते.

२००४ साली युरोपीय विजेतेपदासाठी प्रियो आणि डिर्क म्यूलर यांचे गुण अखेरीस समान झाले आणि अधिक विजयांच्या निकषावर प्रियो विजेता ठरला. पुढच्याच वर्षी एका विजयावर जगज्जेता झालेल्या माणसाने हे विजेतेपद जास्त विजयांमुळे मिळवले होते, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत. २००६ मध्ये यर्ग म्यूलरला त्याने एका गुणाने मागे टाकले: ७३ विरुद्ध ७२. हंगामात कोठेतरी सातव्याऐवजी आठवा क्रमांक आला असता, तर गुण बरोबरीत सुटून निकाल पुन्हा निकषांच्या हवाली झाला असता.

२००७ ची अखेर मकाऊत झाली. गिया सर्किट सहा किलोमीटरहून थोडे लांब आहे. समुद्रालगतच्या भागात गाड्या पूर्ण वेगात असतात, मग लिस्बोआच्या काटकोनी वळणावर जोरात ब्रेक लागतो आणि त्यानंतर रस्ता टेकडीवर चढून भिंतींमध्ये शिरतो. मेल्को हेअरपिन हे जवळजवळ उलट दिशेला फिरवणारे वळण तर इतके अरुंद, की तेथे ओलांडायला परवानगीच नसते. गाड्या एकामागोमाग एक, स्टिअरिंग पूर्ण वळवून, रांगेने फिरतात. या फेरीला येताना प्रियो आणि सेआट लेऑनची डिझेल गाडी चालवणारा फ्रेंच चालक इव्हान म्युलर यांचे गुण सारखेच होते. पहिल्या शर्यतीत म्युलर आघाडीवर होता. शर्यत संपत आली असताना त्याच्या गाडीच्या इंधनपुरवठ्यात बिघाड झाला आणि विजेतेपद त्याच्या हातातून निसटले. प्रियो त्या शर्यतीत आठवा आला, दुसऱ्या शर्यतीत पोलवरून सुटला आणि ती जिंकली. अकरा गुण, सलग तिसरे जागतिक विजेतेपद आणि युरोपीय धरून सलग चौथे. याला नशीब म्हणायचे तर म्हणावे. पण म्युलर थांबला त्या क्षणी प्रियोची गाडी धडकून भिंतीत पडलेली नव्हती, ती धावत होती, आणि मकाऊत एवढे साधणेही सोपे नसते. २००८ साली त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

जीटी, म्हणजे वेगवान स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या, शर्यतींमध्ये हीच वृत्ती वेगळ्या रीतीने कामी आली. नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत त्याने २००५ मध्येच पेद्रो लामी, बोरिस सईद आणि डंकन हाउसमन यांच्यासोबत बीएमडब्ल्यू एम३ जीटीआरमधून जिंकली होती. तेथे एक लॅप सुमारे २५ किलोमीटरची असते, एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडा रस्ता असू शकतो आणि मार्गावर हौशी चालकांच्या कितीतरी हळू गाड्या असतात. अशा शर्यतीत सर्वांत वेगवान लॅपपेक्षा पुढच्या सहकाऱ्याच्या हाती धड अवस्थेतली गाडी सोपवणे महत्त्वाचे असते. फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत २०१० मध्ये जेफ कून्स या कलाकाराने रंगवलेली ७९ क्रमांकाची एम३ त्याच्या वाट्याला आली. गाडी फार देखणी होती, पण शर्यत पूर्ण करू शकली नाही. पुढच्या वर्षी साध्या रंगातल्या एम३ने त्याला, डिर्क म्यूलर आणि जोई हँड यांना आपल्या प्रकारच्या गाड्यांच्या वर्गात तिसरे स्थान मिळवून दिले. एकेकाळचा कट्टर प्रतिस्पर्धी म्यूलर आता त्याच गाडीत त्याच सीटवर आळीपाळीने बसत होता.

२०१२ आणि २०१३ ही दोन वर्षे जर्मनीच्या डीटीएम या टूरिंग कार स्पर्धेत गेली आणि त्यात एकही विजय मिळाला नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नव्या पिढीच्या एकेरी आसनांच्या गाड्यांमधून आलेल्या पोरांसमोर, एका लॅपच्या पात्रता फेरीवर सगळे ठरणाऱ्या स्पर्धेत उतरणे त्याच्या स्वभावाला मानवणारे नव्हते, असे माझे मत आहे.

फोर्डचा काळ मात्र त्याला मानवला. १९६६ च्या ल माँ विजयाला पन्नास वर्षे होत असताना फोर्डने आपली जीटी ही गाडी पुन्हा मैदानात आणली आणि जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या) स्पर्धेतील ६७ क्रमांकाची गाडी प्रियो आणि हॅरी टिंकनेल यांच्याकडे आली. २०१६ मध्ये या जोडीने फुजी आणि शांघायच्या शर्यतींमध्ये आपला वर्ग जिंकला. २०१७ मध्ये पिपो देरानी सोबत असताना सिल्व्हरस्टोन जिंकले आणि ल माँला वर्गात दुसरे स्थान मिळवले. टिंकनेल त्याच्याहून बराच तरुण होता. गाडीची बैठक, ब्रेकचा तोल, टायरचा दाब या सगळ्यांत दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावे लागते, आणि चाळिशी ओलांडलेल्या तीन वेळच्या जगज्जेत्याने ते विनातक्रार केले, हे मला त्याच्या चषकांइतकेच लक्षणीय वाटते.

२०१९ मध्ये तो टूरिंग कारकडे परतला. डब्ल्यूटीसीआर या जागतिक टूरिंग कार मालिकेत स्वीडनच्या सायन रेसिंगने उतरवलेल्या लिंक अँड को गाड्यांच्या चार चालकांपैकी एक प्रियो होता आणि दुसरा इव्हान म्युलर. हंगामाचा बराचसा भाग नव्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीशी जुळवून घेण्यात गेला. नोव्हेंबरमध्ये मालिका मकाऊला पोहोचली आणि तेथील एक शर्यत प्रियोने जिंकली. मुलगा सेबॅस्टियन तोवर स्वतः शर्यतींमध्ये उतरला होता. २०२१ साली त्याने उत्तर अमेरिकेतील पोर्शे करेरा कपचे विजेतेपद मिळवले.