दीड ग्रॅम

घरून बेकिंगच्या ऑर्डरी घ्यायला लागून मला नऊ वर्षं झाली. डोंबिवलीत राहते, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, आणि त्याच्या शेजारी वजनकाटा, एवढाच पसारा. मैदा नको, अंडं नको, गोड जरा बेतानं, असल्या अटी रोजच्याच. पण 'एका डोनटमध्ये कार्ब किती ग्रॅम?' हा प्रश्न, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं कार्बोहायड्रेट किती, मला पहिल्यांदा विचारला तो मागच्या गल्लीतल्या एका आईनं.

तिची मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी टाइप १ डायबेटिस निघाला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, आणि रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन मग बाहेरून द्यावं लागतं. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही. तरी घरात येणारा प्रत्येक पाहुणा 'लहानपणी फार चॉकलेटं दिलीत का हो?' असं विचारून जातो, हे सांगताना तिचा आवाज चिरकला. वाढदिवस होता १४ नोव्हेंबरला. बालदिन तर आहेच, पण तोच जागतिक मधुमेह दिनही, हे मला तिनंच सांगितलं. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा तो जन्मदिवस.

"ताई, वेगळ्या ताटलीतलं काही नको. सगळ्या पोरांना तेच, आणि तिलाही तेच. आणि छोटे छोटे करा. बाकीची मुलं तीन-चार उचलतात, हिलाही एकदा तीन-चार उचलू दे."

म्हणून मिनी डोनट. तळायचे नाहीत, साच्यात भाजायचे.

पहिली खेप फसली. बदामाच्या पिठात ग्लूटेन नसतं, त्यामुळे मैद्यासारखी पकड येत नाही. गरम असतानाच साचा उलटा केला आणि बाराच्या बारा डोनट मधूनच तुटले. वरचं चॉकलेटही चुकलं. बाजारातून 'शुगर फ्री' लिहिलेले चिप्स आणले होते. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली तर त्यात माल्टिटॉल, साखरेऐवजी गोडीला घालतात ते. साखरेइतकी नसली तरी माल्टिटॉलनं रक्तातली साखर चांगलीच वाढते. ते पाकीट मी बाजूला ठेवलं आणि साखरच नसलेलं, नुसत्या कोकोचं कडू चॉकलेट आणलं.

दुसऱ्या खेपेला जमलं. चोवीस डोनटना बदामाचं पीठ १५० ग्रॅम, कोको ३०, लोणी ६०, घट्ट दही ७५, तीन अंडी, दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर इन्स्टंट कॉफी. कॉफीची चव लागत नाही, पण कोको उठून येतो. गोडीला साखरेऐवजी एरिथ्रिटॉल ७० ग्रॅम. ते मिक्सरमधून पिठीसाखरेसारखं बारीक करून घ्यावंच लागतं, नाहीतर दाताखाली कचकचतं. जिभेवर थंडावाही येतो, पेपरमिंटच्या गोळीसारखा. कोको आणि लोणी भरपूर असलं की तो झाकला जातो. साच्याला लोणी लावून वर कोको भुरभुरायचा, १७० अंशांवर अकरा-बारा मिनिटं भाजायचे आणि मग साच्याला दहा मिनिटं हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण घरभर वास सुटलेला असतो.

त्यातले चार मी तिच्याकडे पाठवले. मुलीनं दोन खाल्ले. आईनं मुद्दाम त्यांच्यासाठी इन्सुलिन दिलं नाही, नुसती साखर मोजली. आधी ११८, दोन तासांनी १२६.

तेरा तारखेला संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, उद्याचा हिशोब करायचाय. एका डोनटला किती धरू?"

मी पाकिटांवरचे आकडे जुळवून ठेवले होते. बदाम ३१, कोको १७, चॉकलेट १७, अंडी-दही वगैरे मिळून ७, एरिथ्रिटॉल ७०. एकूण १४२, भागिले चोवीस. "सहा ग्रॅम," मी म्हटलं. "थोडं कमीही असेल, पण जास्त धरलेलं बरं ना, आपली काळजी म्हणून."

फोनवर क्षणभर शांतता. मग ती अगदी सावकाश बोलली. "ताई, जास्त धरलं की मी इन्सुलिन जास्त देणार. खाण्यात तेवढं नसलं तर तिची साखर कोसळणार. वाढलेली साखर मी दोन तासांनी निस्तरू शकते. कोसळली तर तिचे हातपाय थरथरायला लागतात, घाम फुटतो, कधी शुद्धही जाऊ शकते."

माझ्या हातातला कोकोचा चमचा तसाच राहिला. नऊ वर्षं मी 'जरा जास्तच धरा' या सवयीनं जगले होते. पाहुणे दहा तर केक बारांचा, पीठ पाव किलो लागणार तर तीनशे ग्रॅम मळायचं. खाण्याच्या बाबतीत जास्त सांगणं म्हणजे सांभाळणं, हे मी गृहीतच धरलं होतं.

"आणि परवा तिनं दोन खाल्ले," ती पुढे म्हणाली. "बारा ग्रॅम असते तर साखर आठनंच वाढली असती का? कुठेतरी चुकतंय."

चुकलं कुठे ते रात्री जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसले तेव्हा सापडलं. पाकिटावर 'कार्बोहायड्रेट' म्हणून जो आकडा असतो त्यात तंतूही धरलेले असतात आणि एरिथ्रिटॉलही. तंतू पचून साखर होत नाहीत. एरिथ्रिटॉल रक्तात शिरतं, पण बहुतेक सगळं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, ग्लुकोज वाढवत नाही. म्हणजे १४२ मधून एरिथ्रिटॉलचे ७० गेले, बदाम, कोको आणि चॉकलेट यांतले तंतू मिळून ३६ गेले. उरले ३६, आणि चोवीस डोनटना वाटले की दीड ग्रॅम.

सहा नाही, दीड.

तिनं मला तिचं गणित समजावलं होतं. मुलीला वीस ग्रॅम कार्बला इन्सुलिनचं एक युनिट लागतं, आणि एका युनिटनं तिची साखर साधारण ऐंशीनं उतरते. हे आकडे तिच्या डॉक्टरांनी तिच्यापुरते ठरवून दिलेले, दुसऱ्या कुणाला लागू नाहीत. एक पाव १८, भाजी १४, चार डोनट ६ म्हणजे ३८ ग्रॅम, जवळजवळ दोन युनिटं. माझे डोनटमागे सहा धरले असते तर ५६, म्हणजे तीनच्या घरात. पार्टीच्या गडबडीत, फुगे आणि आरडाओरड्यात, एक युनिट जास्त. पोरगी घामेजली असती तरी सगळे म्हणाले असते, खेळून दमली.

रात्री साडेअकराला तिला आकडा पाठवला, सगळ्या बेरीज-वजाबाकीसकट वहीचा फोटो काढून. तिचं लगेच उत्तर आलं, "परवाच्या दोन डोनटशी जुळतंय."

सकाळी पाचला उठले. दीडचा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा प्रत्येक डोनट सारखा असेल. साचा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि पायपिंग बॅगनं एकेका खाचेत मिश्रण सोडायचं. बावीस ग्रॅम. शून्य. बावीस. शून्य. चोवीस ग्रॅम झाले, चमच्याच्या टोकानं थोडं काढलं, बावीस. अठ्ठेचाळीस खाचा अशा भरल्या. वरचं चॉकलेटही मी बुडवून लावलं नाही, मोजून चमच्यानं लावलं. केकवर फुलं काढतानासुद्धा माझा हात इतका जपून चाललेला नव्हता.

आणखी दोन गोष्टी आईला फोनवर सांगितल्या. बदाम आहेत, तर येणाऱ्या मुलांपैकी कुणाला त्याची ॲलर्जी नाही ना, हे विचारून घ्या. आणि चारच्या वर नको. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये एरिथ्रिटॉलची दिवसाची मर्यादा वजनाच्या दर किलोला अर्धा ग्रॅम ठेवलीय, त्यापुढे पोट ढिलं होऊ शकतं. मुलगी अठ्ठावीस किलोची, म्हणजे चौदा ग्रॅम. चार डोनटमध्ये बारा बसतं. तिनं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मी स्वतःच डबे पोचवायला गेले, आणि थांबले. आईनं कोपऱ्यात नेऊन बोट टोचलं, आकडा पाहिला, पेननं पोटाला इन्सुलिन दिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मुलगी फ्रॉक खाली करून पळाली. मग ताट घेऊन मैत्रिणींमध्ये बसली, पाव-भाजी खाल्ली आणि एकापाठोपाठ एक तीन डोनट उचलले. चौथा हातात घेऊन तिनं लांबूनच आईकडे पाहिलं, भुवया उंचावून. आईनं नुसती मान हलवली. पोरीनं तो तिथेच तोंडात टाकला आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, "तुझे किती झाले? माझे चार!" तोंडाला सगळीकडे चॉकलेट लागलं होतं.

दोन तासांनी १३४.

बदामात चरबी आणि प्रथिनं भरपूर, त्यामुळे साखर उशिरा, मध्यरात्रीही वर सरकू शकते. आई त्यासाठी गजर लावून झोपणार होती. मी काही तिला कळवायला सांगितलं नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी फोनचा उजेड भिंतीवर पडला.

"१५१. शांत झोपलीये. तुम्ही जाग्या आहात का?"

मी जागीच होते.